खासगी वापराची साधने : स्वच्छता आणि सुरक्षितता

आजचा विषय वाचून काही वाचकांच्या भुवया उंचावतील, हे गृहीत धरूनच मी लिहायला बसलो आहे. मूळव्याध, पांढरे पाणी, लघवीची जळजळ, कुटुंबनियोजन या विषयांवर या सदरात आपण यापूर्वी मोकळेपणाने बोललो आहोत. मग प्रौढ स्त्री-पुरुष लैंगिक सुखासाठी जी साधने वापरतात, त्यांच्या स्वच्छतेविषयीच गप्प बसण्याचे कारण नाही. हा लेख अठरा वर्षांपुढील आणि आपखुशीने ही साधने वापरणाऱ्या वाचकांसाठी आहे. ज्यांना या विषयाची गरज वाटत नाही, त्यांनी खुशाल पान उलटावे. पण माझा अनुभव असा की, गरज नाही असे म्हणणाऱ्यांच्या घरातही कधी कधी प्रश्न निघतो.

पूर्वी अशा वस्तू मुंबईसारख्या शहरात कुठेतरी चोरून मिळतात, एवढेच आपल्याकडे ऐकून माहीत असे. आता मोबाइलवर मागणी नोंदवली की चार-पाच दिवसांत कुरिअरवाला तालुक्याच्या गावी दारात उभा राहतो. खोक्यावर 'मसाजर' एवढेच लिहिलेले असते. उघडपणे विकता येत नाही म्हणून आत माहितीपत्रक नसते, किंवा असलेच तर ते परक्या लिपीत असते. मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कस्टमच्या एका प्रकरणात, 'बॉडी मसाजर' ही आयातबंदी असलेली अश्लील वस्तू ठरत नाही, असा निर्णय दिला. कायद्याची बाजू वकिलांनी पाहावी. डॉक्टर म्हणून मला दिसते ते इतकेच, की वस्तू घरात येते आणि ती धुवायची कशी हे सांगणारे कोणी नसते.

ही पाश्चात्त्य थेरे आहेत, असेही काही जण म्हणतील. तसे नाही. वात्स्यायनाच्या कामसूत्राच्या शेवटच्या भागात अशा कृत्रिम साधनांचा उल्लेख आहे आणि ती सोने, चांदी, तांबे, लोखंड, हस्तिदंत, शिंग अशा कशाकशाची करतात, तेही सांगितले आहे. आपल्या महाराष्ट्रात र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि त्यापायी कोर्टाच्या पायऱ्या झिजवल्या. १९३४ मध्ये त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. शरीराच्या या भागाविषयी शास्त्रशुद्ध बोलणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हे सांगण्यासाठी आपल्या माणसांनी एवढी किंमत मोजली आहे. साधन वापरावे की वापरू नये, हा ज्याच्या त्याच्या मनाचा आणि संसाराचा प्रश्न. वापरणाऱ्याला इजा होऊ नये, एवढेच या लेखाचे काम.

जंतू येतात कुठून?

निरोगी स्त्रीच्या योनिमार्गात उपयुक्त जंतू असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि त्या आम्लामुळे अपायकारक जंतूंना तिथे सहसा थारा मिळत नाही. घरात विरजण टिकून राहिले की दूध नीट लागते, तसाच हा प्रकार. न धुतलेले साधन आत गेले, किंवा साबण-डेटॉलने आतून धुण्याचा अतिरेक केला, तर हे विरजण बिघडते. मग मासळीसारखा वास येणारा स्राव, खाज, दह्याच्या कवडीसारखे पांढरे जाणे अशा तक्रारी सुरू होतात.

दुसरा उगम गुदद्वाराचा. आतड्यातले जंतू आतड्यात असतात तोवर निरुपद्रवी असतात. तेच मूत्रमार्गात किंवा योनिमार्गात गेले की लघवीला जळजळ, ताप, ओटीपोटात दुखणे असे त्रास उद्भवतात. म्हणून पहिला नियम असा, की गुदद्वाराशी वापरलेली वस्तू धुतल्याशिवाय योनिमार्गाकडे कधीही नेऊ नये. त्यावर निरोध चढवलेला असेल तर तो बदलावा. दोन्हींसाठी वेगळी साधने ठेवली तर अधिक चांगले.

तिसरा उगम दुसऱ्या व्यक्तीचा. एकच साधन दोघांनी लागोपाठ वापरले, तर परमा, क्लॅमिडिया, ट्रायकोमोनास, नागीण या लैंगिक रोगांचे जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतात. यकृताच्या काविळीचा 'बी' विषाणू तर शरीराबाहेर, कोरड्या पृष्ठभागावरही, किमान सात दिवस तग धरतो. गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाला कारणीभूत असणारा एचपीव्ही विषाणूही चिवट आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात, वापरलेली साधने धुतल्यानंतरही त्यांतल्या काहींवर या विषाणूचे अंश सापडले होते. साधन कोणत्या पदार्थाचे आहे, यावरही फरक पडला. अभ्यास केवळ बारा स्त्रियांचा होता, त्यामुळे त्यावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण साधन दुसऱ्याला देऊ नये, दिलेच तर प्रत्येकासाठी नवा निरोध चढवावा, हा धडा त्यातून नक्की घ्यावा.

एचपीव्हीचे नाव आपल्या भागाला अपरिचित नाही. आपल्या धाराशिव जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबादेत, ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार स्त्रियांवर जो अभ्यास झाला आणि २००९ साली प्रसिद्ध झाला, तो जगभर वाचला जातो. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीमुळे या कर्करोगाचे मृत्यू सुमारे निम्म्यावर आणता येतात, असे त्यातून दिसले. साधने वापरणाऱ्या असोत वा नसोत, तिशी ओलांडलेल्या प्रत्येक विवाहित बाईने ही तपासणी करून घ्यावी.

वस्तू कशाची आहे?

धुण्याची पद्धत वस्तू कशाची बनली आहे त्यावर ठरते, म्हणून आधी हे पाहावे.

सिलिकॉन, चांगले स्टील आणि प्रयोगशाळेत वापरतात तशी उष्णता सोसणारी जाड काच, या वस्तूंना सूक्ष्म छिद्रे नसतात. त्यांत ओल मुरत नाही आणि त्या उकळता येतात. याउलट जेलीसारखे लिबलिबीत रबर, मऊ पीव्हीसी आणि कातडीसारखे वाटणारे स्वस्त मऊ प्लास्टिक यांना डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. मातीचा माठ जसा पाणी शोषतो, तशी ही वस्तू स्राव शोषते. वरून धुतली तरी आतली ओल राहते आणि उकळली तर ती वितळते किंवा वाकडी होते. अशा वस्तूवर प्रत्येक वेळी निरोध चढवावा आणि तिला फार दिवस जपून ठेवू नये.

मऊपणा आणण्यासाठी प्लास्टिकमध्ये थॅलेट नावाची रसायने मिसळतात. लहान मुलांच्या खेळण्यांत त्यांतल्या काहींवर युरोपात कडक मर्यादा आहेत. आपल्याकडेही १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआयचा शिक्का सक्तीचा झाला. प्रौढांची साधने त्या नियमात बसत नाहीत. २०२१ साली आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने या वस्तूंसाठी ३५३३ क्रमांकाचे मानक प्रसिद्ध केले. पण खोक्यावर 'मेडिकल ग्रेड' असे छापले म्हणून आतली वस्तू खरोखरच तशी असते, याची खात्री नसते. तेव्हा नाकाचा आणि बोटांचा उपयोग करावा. खोके उघडताच नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला, वस्तू हाताला चिकट किंवा तेलकट लागली, रंग पुसून कापडाला लागला, तर ती शरीरात घालण्यायोग्य नाही. पैसे गेले असे समजून टाकून द्यावी.

धातूच्या वस्तूवर चकाकी असली म्हणजे ती स्टीलची असतेच असे नाही. नकली कानातल्यांनी ज्यांचे कान चिघळतात, त्यांना निकेलची ॲलर्जी असण्याची शक्यता असते. मुलामा दिलेल्या वस्तूने त्यांना तसाच त्रास नाजूक जागी होऊ शकतो.

धुवायचे कसे?

वापरण्याआधी आणि वापरल्यानंतर, दोन्ही वेळा धुवावे. नवी आणलेली वस्तूही पहिल्या वापराआधी धुवावी. आधी स्वतःचे हात साबणाने धुवावेत आणि नखे कापलेली असावीत.

कोमट पाणी आणि वासाचा भपका नसलेला सौम्य साबण पुरेसा आहे. वस्तू ओली करून साबणाचा फेस सगळीकडे, खाचाखोचांतूनही, मिनिटभर चोळावा. खाचांसाठी मऊ दातघासणीचा ब्रश राखून ठेवावा. मग साबणाचा बुळबुळीतपणा पूर्ण जाईपर्यंत वाहत्या पाण्याने धुवावे. ज्यांच्याकडे चार-चार दिवसांनी नळाला पाणी येते, त्यांनी तांब्याने पाणी ओतावे. पण बादलीत बुचकळून काढणे म्हणजे धुणे नव्हे. राहिलेला साबण आतल्या त्वचेची आग करतो आणि बाईला वाटते संसर्गच झाला.

मोटर किंवा बॅटरी नसलेली सिलिकॉन, स्टील किंवा उष्णता सोसणाऱ्या काचेची वस्तू, बाळाची दूधबाटली उकळतो तशी, पाच ते दहा मिनिटे उकळावी. काचेची वस्तू थंड पाण्यात ठेवून मग आच द्यावी आणि पाण्यातच निवू द्यावी. एकदम तापवली-निववली तर तडा जातो. त्यासाठी वेगळे पातेले ठेवावे. विंधन विहिरीच्या जड पाण्यात उकळले तर वर पांढरा खार बसतो. तो पुसून काढावा, नाहीतर पृष्ठभाग खरखरीत लागतो.

मोटर असलेले साधन कधीही उकळू नये. ते पाण्यात धरता येते का, हे आधी पाहावे. खोक्यावर 'आयपीएक्स-७' असे असेल तर मीटरभर खोल पाण्यात अर्धा तास टिकेल, असा त्याचा अर्थ. तसे काही लिहिलेले नसेल तर सेल काढून, साबणाच्या पाण्यात पिळून घेतलेल्या स्वच्छ फडक्याने पुसावे, मग साध्या पाण्याच्या फडक्याने दोनदा पुसावे. चार्जिंगची पिन ओल्या वस्तूत खुपसू नये आणि रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये.

डेटॉल, सॅव्हलॉन, फिनेल, स्पिरिट, सॅनिटायझर यांचा मोह टाळावा. 'डॉक्टर, चांगले घट्ट डेटॉल घातले होते' असे अभिमानाने सांगणारे पेशंट मी पाहिले आहेत. त्यांना संसर्ग झालेला नव्हता, आतली त्वचा भाजली होती. फरशी आणि शरीर यांत फरक आहे.

शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे वाळवणे. स्वच्छ सुती कापडाने टिपून वस्तू हवेवर पूर्ण कोरडी होऊ द्यावी. आपल्या घरांत एकान्त थोडा. खोलीत सासू-सासरे, मुले. त्यामुळे घाईत पाणी मारून ती वस्तू तशीच ओली, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, कपाटात साड्यांखाली सारली जाते. पावसाळ्यात अशा पिशवीत चार दिवसांत बुरशी धरते. वस्तू लपवण्यात गैर काही नाही. तो आपला खासगी मामला आहे. पण ओली लपवू नये. कोरडी करून स्वच्छ सुती पिशवीत, प्रत्येक वस्तू वेगळी, सेल काढून ठेवावी. न्हाणीघरात ठेवू नये. आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशीच जागा निवडावी; काही साधनांत गोल बटणासारखे सेल असतात, तो मुलाने गिळून अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही तिथे भाजल्यासारखी जखम होऊ शकते.

वापरताना काय सांभाळावे?

कोरडेपणा हे इजेचे मोठे कारण आहे. त्यासाठी औषधाच्या दुकानात पाण्यात विरघळणारी जेली मिळते, ती वापरावी. आपल्याकडे हाताशी खोबरेल तेल असते; पण तेल, तूप, व्हॅसलीन यांनी रबरी निरोध कमकुवत होऊन फाटतो. सिलिकॉनयुक्त जेली सिलिकॉनच्या साधनावर लावली तर त्याचा पृष्ठभाग खराब होऊन चिकट होतो. गोड वासाच्या, साखर असलेल्या जेलीने बुरशीला खाद्य मिळते. बधिर करणारी मलमे तर वापरूच नयेत. दुखणे ही शरीराची शिट्टी आहे. ती बंद केली की आत फाटले तरी कळत नाही.

निरोध सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. साधनावर चढवण्यासाठीही ते वापरता येतात, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही.

गुदद्वाराशी वापरण्याच्या साधनाला खाली रुंद बूड किंवा पकडायला मूठ हवीच. योनिमार्गाला वरच्या टोकाशी गर्भाशयाच्या तोंडाची भिंत असते. वस्तू त्यापलीकडे जात नाही. गुदाशयाला तशी भिंत नाही. तिथला स्नायू वस्तू आत ओढून घेतो आणि वर मोठे आतडे आहे. वर उल्लेखलेल्या आंतरराष्ट्रीय मानकातही ही अट आहे.

इथे मला घरगुती वस्तूंविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे, कारण आपल्या भागात विकत आणलेल्या साधनांपेक्षा त्याच जास्त वापरल्या जातात. काकडी, गाजर, वांगे, मेणबत्ती, पेन, टॉर्च, बाटली. भाजी आत मोडते, तिच्यावर फवारणीचे औषध असते. मेणबत्तीचा तुकडा पडतो. बाटलीच्या पोकळीत हवा ओढली जाऊन ती आत घट्ट बसते आणि काच फुटली तर आतडे चिरते. या वस्तू या कामासाठी बनलेल्या नाहीत. त्यांपासून लांब राहावे.

वस्तू आत अडकलीच, तर चिमटा, चमचा, तार घालून काढण्याचा प्रयत्न करू नये. जुलाबाचे औषध किंवा एनिमा घेऊ नये. काही न खाता-पिता त्याच दिवशी, शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे. एक्स-रे काढून बहुतेक वेळा भूल देऊन खालूनच वस्तू काढता येते आणि पोट उघडावे लागत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ तिसऱ्या दिवशी आले. तोवर पोट दगडासारखे कडक झाले होते, ताप चढला होता. आतड्याला भोक पडले होते. ते वाचले, पण कित्येक महिने पोटावर पिशवी लावून शौच करावे लागले. पहिल्या दिवशी आले असते तर संध्याकाळी घरी गेले असते. मधले दोन दिवस त्यांनी फक्त लाजेपोटी काढले होते.

पुरुषांनी वापरायच्या कड्यांविषयीही सांगतो. ताठरता टिकावी म्हणून शिस्नाच्या मुळाशी कडे चढवतात. ते सैल होणारे, ताणले जाणारे असावे. धातूचे वायसर, पाइपचे तुकडे, बाटलीची तोंडे कदापि नकोत. अर्ध्या तासाहून अधिक वेळ ठेवू नये आणि कडे घालून झोपू नये. रक्तप्रवाह अडला की सूज येते, सुजेमुळे कडे निघत नाही आणि काही तासांत भाग काळा पडू लागतो. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असलेल्यांनी आणि ज्यांच्या पायांना मधुमेहामुळे मुंग्या-बधिरपणा आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कडे वापरू नये.

कोणी थांबावे?

बाळंतपणानंतर सहा आठवडे, गर्भपातानंतर आणि गर्भाशय काढण्याच्या किंवा इतर योनिमार्गाच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तोवर थांबावे. गरोदरपणात रक्त जात असेल, वार खाली असेल किंवा दिवसांआधी कळा येण्याचा धोका असेल तर हे पूर्ण बंद. खाज, व्रण, स्राव असताना वापर थांबवावा, औषधांचा कोर्स पूर्ण करावा आणि मगच उकळलेले साधन पुन्हा वापरावे. जेलीसारखे छिद्रे असलेले साधन मात्र टाकूनच द्यावे, नाहीतर तोच रोग पुन्हा घरात घ्याल.

बुरशीची खाज वारंवार होत असेल तर सगळा दोष साधनाला देऊ नये. रक्तातली साखर तपासावी. मधुमेहाच्या ग्लिफ्लोझिन वर्गातल्या नव्या गोळ्या लघवीवाटे साखर बाहेर टाकतात, त्यांनीही त्या जागी बुरशीची तक्रार वाढू शकते. गोळी मनाने बंद करू नये. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगावे.

एका बाईंची गोष्ट

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून एक हकीकत सांगतो. पन्नाशी उलटलेल्या एक विधवा बाई कंबरदुखीसाठी म्हणून माझ्याकडे येत. पाळी जाऊन तीन वर्षे झालेली. तिसऱ्या-चौथ्या खेपेला, बरोबरची सून औषध आणायला बाहेर गेली तेव्हा, खाली मान घालून म्हणाल्या, "डॉक्टर, अंगावर लाल दिसतंय. चार महिने झाले." मी विचारले, आधी का नाही सांगितले? बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग तुटक तुटक सांगितले. एकटेपणात त्या एक साधन वापरत होत्या. रक्त त्यानेच येत असणार, आणि तपासले की डॉक्टरांना ते कळणार, सुनेला कळणार, गावाला कळणार, या धास्तीने त्यांनी चार महिने घड्या बदलत काढले. साधन त्यांनी केव्हाच विहिरीत टाकले होते. रक्त मात्र थांबले नव्हते.

रक्त साधनाने येतच नव्हते. गर्भाशयाच्या तोंडाशी गाठ होती.

पाळी गेल्यानंतर आतली त्वचा पातळ होते आणि साधनाने खरचटून थोडे रक्त येऊही शकते. पण पाळी गेल्यानंतर दिसलेले रक्त, कारण काहीही वाटो, तपासलेच पाहिजे. या नियमाला अपवाद नाही. तसेच संबंधानंतर किंवा साधन वापरल्यानंतर दर वेळी रक्त दिसणे, हेही वयाची वाट न पाहता दाखवावे.

त्या बाईंना विजेचा शेक दिला गेला. त्यानंतर योनिमार्ग आकसून चिकटू नये, पुढच्या तपासण्या करता याव्यात, म्हणून कर्करोगाच्या डॉक्टरांनी त्यांना नळीसारखे एक गुळगुळीत साधन दिले आणि आठवड्यातून ठरावीक वेळा, जेली लावून, काही मिनिटे वापरायला सांगितले. सोबत धुण्याच्या सूचनांचा कागद होता : कोमट पाणी, सौम्य साबण, पूर्ण कोरडे करणे, स्वच्छ पिशवीत ठेवणे. ज्या प्रकारच्या वस्तूपायी त्या चार महिने तोंड लपवत होत्या, तीच आता औषध म्हणून हाती आली होती. सुनेने ती कपाटात औषधांच्या शेजारी ठेवली. ताठरतेचा त्रास असलेल्या मधुमेही पुरुषांना पोकळीने रक्त ओढणारा पंप डॉक्टर लिहून देतात, तोही याच घरचा. प्लास्टिकला आणि सिलिकॉनला नीती-अनीती नसते. स्वच्छ किंवा अस्वच्छ, सुरक्षित किंवा घातक, एवढेच त्यात असते.

डॉक्टरांना सांगायचे कसे?

'गेल्या आठवड्यात मी आत एक वस्तू वापरली, तेव्हापासून त्रास आहे.' एवढे एक वाक्य पुरते. ते कागदावर लिहून पुढे सरकवले तरी चालते. बरोबरच्या माणसांना बाहेर बसवण्याची विनंती करण्याचा हक्क प्रत्येक पेशंटला आहे. बाईला बाई डॉक्टर हवी असेल तर तसे मागावे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेनुसार पेशंटची गुपिते राखणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे. कोणी हसलेच, तर दवाखाना बदलावा. दुखणे अंगावर काढू नये.

ताप, ओटीपोटात वाढते दुखणे, दुर्गंधी स्राव, न थांबणारे रक्त, लघवी अडणे, आत राहिलेला तुकडा, न निघणारे कडे, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. दुसरी व्यक्ती मनाविरुद्ध अशा वस्तू वापरायला लावत असेल, तर ती आरोग्याची तक्रार तर आहेच, पण अत्याचारही आहे, आणि तेही डॉक्टरांना सांगावे.

वाचकांना माझे सांगणे मोजके आहे. छिद्रे नसलेली वस्तू निवडा, साबणाने धुवा, कोरडी करा, स्वतःपुरती ठेवा. आणि रक्त दिसले, वस्तू अडकली, तर एक रात्रही वाया घालवू नका. तुम्ही काय वापरता ते ऐकून आम्हा डॉक्टरांना धक्का बसत नाही. धक्का बसतो तो पेशंट चार महिने उशिरा आल्यावर.